अठरा करडग्या

अप्पांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. हैदराबादच्या म्युझियमचे काझीसाहेब नळदुर्गला आले ते अप्पांनीच लिहून दिलेला कागद घेऊन: माझ्यामागे सतरा करडग्या म्युझियमच्या.

आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं, ते ठेवायची चांदीची डबी म्हणजे करडगी. माणूस गेला की लिंग त्याच्या तळहातावर ठेवून त्याला पुरतात. करडगी मागं राहते. अशा करडग्या अप्पांनी गावोगाव मागून आणल्या होत्या. प्रत्येकीला चिंधी, चिंधीवर नाव आणि गाव.

अठरावी त्यांची स्वतःची. ती मला ठेवून घ्यायची होती.

इरम्मा आत्यानं ताट आणून ठेवलं. अठराही करडग्या लखलखत होत्या.

"चिंचेनं घासल्या," आत्या म्हणाली. "सरकारी माणूस येणार. काळ्याकुट्ट द्यायच्या व्हय?"

"चिंध्या?"

"चुलीत. लई कळकट होत्या."

काझीसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. "अम्मा, वो मैलच हमारे काम का था."

"मळ पाहिजे होता तर आधी सांगायचं की. ह्या घरात काय कमी हाय?"

"अप्पांची कोणती?" मी विचारलं.

"ही." मग दुसरी उचलून, "न्हाय, ही. दादाची जरा जड होती."

मी एकेक हातात घेतली. लग्नाआधी अप्पांची पूजा रोज पाहिली होती. मला विभूतीची बोटं आठवत होती, गळ्यातला मळका दोरा आठवत होता. डबीचा आकार काही केल्या आठवेना. एकदा वाटलं, सापडली. तशीच आणखी एक निघाली.

"कोई भी एक उठा लो, बेटी," काझीसाहेब हळू आवाजात म्हणाले. "कागजपर सतराच हैं."

चुकीची उचलली तर कुणा परक्याची डबी जन्मभर देव्हाऱ्यात राहणार होती. आणि अप्पांची काचेआड, बेनाम.

"अठराही न्या," मी म्हणाले.

त्यांनी यादीतल्या एका रकान्यावर बोट ठेवलं. "मालिक के खाने में क्या लिखूं?"

"यांतली एक नळदुर्गच्या गुरुसिद्धप्पांची. कोणती, ते मुलीला ओळखता आलं नाही."

"ऐसा नहीं लिखते."

"मग कसं लिहितात?"

त्यांनी लेखणी पुन्हा उचलली. मग उजवीकडून लिहायला सुरुवात केली. मला उर्दू येत नव्हतं. लिहून झाल्यावर मी त्यांना ते वाचून दाखवायला लावलं. अप्पांचं नाव होतं, माझं न ओळखणंही होतं. आत्या अजून एकेक डबी तळहातावर तोलत होती.

"पुन्हा वाचा," मी म्हणाले.