चारशे सतराची जोडी

लेथवाल्या काकांच्या घरात बसायला तीन खुर्च्या होत्या आणि बसणारं माणूस एकच. भिंतींवर मात्र दाटी होती. बंदुकीच्या तोंडाला लावायच्या जुन्या लष्करी संगिनी, कुठे सुरीसारख्या, कुठे नुसत्या टोकदार सळईसारख्या, ओळीने खुंट्यांना टांगलेल्या. काकांनी उभं आयुष्य लेथवर लोखंड कातण्यात घालवलं आणि सुट्टीचे दिवस लोकांच्या संगिनी नकली ठरवण्यात. जुन्या बाजारात कुणी कौतुकाने आजोबांची आठवण पुढे केली, की हे खिशातून भिंग काढायचे, मूठ उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "आजोबा खरे असतील, संगीन नकली आहे." समोरच्याचं तोंड एवढंसं व्हायचं. अशा माणसाला कोण घरी बोलावणार? हळूहळू कुणी बोलवेनासंच झालं.

अपवाद एकच, कप्तान. या कप्तानाने लष्करात कधी पाऊलही टाकलं नव्हतं. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. मिशा तेवढ्या पलटणीला शोभतील अशा. काकांचं भिंग त्यानेच दिलेलं. "यातून बघत बसलास तर जगात काही म्हणजे काही खरं सापडायचं नाही तुला," हेही वर ऐकवलेलं.

काकांचा जीव अडकला होता एका रिकाम्या म्यानात. चामडं काळवंडलेलं, तोंडाशी लोखंडी पट्टी आणि पट्टीवर ठोकलेला आकडा, ४१७. त्या पलटणीत संगिनीवर आणि तिच्या म्यानावर एकच आकडा ठोकायचे, एकाची दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून. पुढे सगळं भंगारात निघालं आणि जोड्या फुटल्या. आता जोडी पुन्हा जुळली तर ते नशीबच म्हणायचं. काकांनी चारशे सतरासाठी बाजार पालथे घातले. मग काकू गेल्या, आणि शोधणं थांबलं. कारखाना सुटला, बाजार सुटला, दाढी करायचंसुद्धा राहू लागलं. कप्तान येऊन समोर बसायचा. "जरा बाहेर पड रे," म्हणायचा. काका "बघू" म्हणायचे आणि बघायचे भिंतीकडे.

अशात एक दिवस कप्तान आला नाही, त्याचा फोन आला.

"आधी खाली बस. तुझी चारशे सतरा सापडली."

काका खरंच खाली बसले. "अरे मग घेऊन ये की!"

"मी कशाला आणू? तू ये न्यायला. चहा ठेवतो."

"म्यान माझ्याकडे आहे. संगिनीने म्यानाकडे यायचं."

"मग म्यान घेऊन ये. काहीही कर, पण ये."

आता ही काय अडून बसायची गोष्ट होती? दोन गल्ल्या ओलांडायच्या, चहा प्यायचा, जोडी काखोटीला मारून परत यायचं. पण काकांनी डोक्यात राख घालून घेतली. इतकी वर्षं मी काय शोधतोय हे याला ठाऊक, आणि हा मला खेळवतोय! कप्तान रोज फोन करून "आज येतोस?" विचारायचा, काका रोज "आण म्हटलं ना" म्हणायचे. शेवटी एकदा ते ओरडले, "राहू दे तुझ्यापाशीच, बस उराशी धरून!" आणि फोन आपटला. पुढे कप्तानाने दार वाजवलं, तेही उघडलं नाही. अबोला धरला तो धरलाच. तो किती वर्षं चालला हे काकांनी मोजलं नाही. मोजायची भीती वाटायची.

मागच्या महिन्यात कप्तान गेल्याचं कानावर आलं. काकांनी बूट घातले, दारापर्यंत गेले. आता कुठल्या तोंडाने जायचं, असं मनात आलं आणि त्यांनी बूट काढून ठेवले.

आज कप्तानाची मुलगी आली. लहानपणी याच खुर्चीत बसून पाय हलवायची, आता तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. तिने मांडीवरचं फडकं सोडलं.

"बाबा या संगिनीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. काका न्यायला येतील म्हणायचे. अगदी शेवटपर्यंत म्हणत होते." तिने फडक्याचं टोक सरळ केलं. "तुम्ही काही आला नाहीत, म्हणून मीच आणली."

काकांनी सवयीने भिंग काढलं आणि संगीन खिडकीपाशी नेली. पातं अस्सल होतं. मूठ अस्सल होती. मुठीच्या टोकाला आकडा होता, ४१७.

आकडा बघताच त्यांचा हात थांबला. जुन्या आकड्याच्या खाचेत गंज मुरलेला असतो. इथे वरून काळा रंग भरला होता, आणि नखाने खरवडल्यावर खाली लख्ख लोखंड निघालं. आकडा मागाहून ठोकलेला. भलत्याच कुणाची तरी संगीन चारशे सतरा करून टाकलेली! बाजारात असती तर काकांनी विकणाऱ्याला चारचौघांत फाडून खाल्लं असतं. त्यांनी पुन्हा वाकून बघितलं. सातच्या आडव्या रेघेचं डावं टोक तुटकं होतं.

तो सात त्यांच्या ओळखीचा होता. कारखान्यात आकडे ठोकायला पोलादी पंच असत, आणि काकांच्या संचातल्या सातच्या पंचाचा त्यांच्याच हातून पडून टवका उडाला होता. काकू गेल्यानंतर कप्तानाने तो संच मागून नेला होता. चष्म्यांच्या खणांवर आकडे टाकायचेत म्हणाला होता. काकांनी तेव्हा मान वर करूनही बघितलं नव्हतं.

चष्मेवाला माणूस. हातोडी कशी धरायची हेही त्याला धड येत नव्हतं. चार थोडा तिरपा बसला होता, एक जास्तच खोल गेला होता. नकली काम काकांपुढे टिकायचं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ते बघायला तरी हा घराबाहेर पडेल, मग भांडू, हसू, चहा पिऊ, एवढाच त्याचा बेत. आणि आपण म्हणालो, आण. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि मुलीसमोर रडायची त्यांना लाज वाटत होती.

"काका, अस्सल आहे ना?" मुलीने मागून विचारलं. "बाबा म्हणायचे, तुम्ही एका नजरेत सांगाल."

काकांनी भिंग मिटून खिशात टाकलं.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "अशी दुसरी नाही."

त्यांनी संगीन फडक्यात पहिल्यासारखी गुंडाळली आणि तिच्या मांडीवर परत ठेवली.

"ही घरी घेऊन जा."

"अहो, पण तुमच्यासाठीच तर आणली मी!"

"माहीत आहे." त्यांनी खुंटीवरून रिकामं म्यान काढलं, शर्टाच्या बाहीने त्यावरची धूळ पुसली. "तू हो पुढे. मी येतो न्यायला."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. काका दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. गाठ काही नीट बसत नव्हती.

"चहा ठेवशील ना?" त्यांनी मान खाली घालूनच विचारलं.