सावलीचा सोमवार

सकवारबाई मंगळवारी गेल्या. पुढच्या सोमवारी त्यांच्या बालवर्गातली सहा मुलं नेहमीसारखी मागच्या अंगणात येऊन उभी राहिली. येऊ नका, असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

अनुसूयाने दार उघडलं. आईच्या क्रियेसाठी ती पुण्याहून आली होती. क्रियाकर्म शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसवनगुडीला, चुलतभाऊ व्यंकोजीच्या घरी चाललं होतं. मल्लेश्वरमच्या या दोन खोल्यांत ती एकटीच होती आणि चार दिवस आईची वही वाचत होती.

अंगणात वाळूचा ढीग होता, तरंगणाऱ्या-बुडणाऱ्या वस्तूंची बादली होती, आणि मधोमध रोवलेली हातभर उंचीची बांबूची काठी. सोमवारी मुलं दुपारपर्यंत थांबत. काठीची सावली आखडत जाई तसतसा तिच्या टोकाशी एकेक चिंचोका ठेवायचा. मग सगळ्यांत जवळचा चिंचोका मातीत दाबायचा आणि बाकीचे उचलायचे. जानेवारीपासून ही दाबलेल्या चिंचोक्यांची रांग काठीकडे सरकत आली होती. शेवटचा काठीपासून दीड बोटावर होता. तो गेल्या सोमवारचा.

आजच्या तारखेपुढे वहीत लिहिलं होतं : ‘बारा वाजून सतरा मिनिटं. सावली जाईल. मुलांना आधी सांगू नये.’

आई मराठी चौथी शिकलेली. तिचं गणित बरोबर होतं की नाही, हे अनुसूयाला ठाऊक नव्हतं. ते बरोबर निघावं आणि मुलांच्या देखत निघावं, एवढंच तिला हवं होतं. आईचं दुसरं काही करायचं राहिलं नव्हतं.

साडेअकराला घरमालक भगवंतराव नातीला न्यायला आले. त्यांचं मराठी घराणं कैक पिढ्या इथलंच, बोलण्यात कानडी मिसळलेली.

“हे काय चाललंय? नयना म्हणते, आज सावली नाहीशी होणार.”

“ते तिचं तिनं ओळखलंय, अण्णा.”

“सावली नसते ती भुताला! बाईला जाऊन आठवडा नाही झाला, आणि सुतकाच्या अंगणात तू पोरांच्या सावल्या घालवतेस?”

“लग्न झालेल्या लेकीचं सुतक तीन दिवसांचं. तुम्हीच सांगितलंत.”

सांगितलं होतं खरं. शुक्रवारी त्यांनीच येऊन तिला चूल पेटवायला लावली होती. भगवंतरावांनी छत्री मिटली.

“सरी, बरं. बाराच्या भोंग्यापर्यंत. पुढे एक मिनिट नाही.”

मुलं काठीभोवती उकिडवी बसली होती. पद्माकर सगळ्यांत मोठा, पाच वर्षांचा. सावली काठीला घाबरते, ती जवळ येणार नाही, असं त्याचं ठाम मत होतं. नयना सावलीच्या टोकाशी बसली होती. तिच्या मुठीत चिंचोके होते.

गिरणीचा भोंगा झाला. सावली तीन बोटं होती.

“झालं?” भगवंतराव म्हणाले. “बारा वाजले, सूर्य डोक्यावर आला, सावली आहे तिथंच आहे. ऊठ गं, आजी ताटं मांडून बसलीय.”

नयना उठली नाही. ‘अजून सतरा मिनिटं’ हे शब्द अनुसूयाच्या ओठांवर आले. आईचं मनगटी घड्याळ तिने तळहाताच्या बाजूला फिरवलं; मुलांना आधी सांगायचं नव्हतं.

नयनाने सावलीच्या टोकाला चिंचोका ठेवला. “अज्जा, स्वल्प थांब, थोडंसंच.”

“अगं, भोंगा झाला ना!”

“भोंग्याला कुठं डोळे आहेत?” पद्माकर म्हणाला.

“गाढवा, अख्खं मल्लेश्वरम त्या भोंग्यावर जेवतं!”

“चिंचोका उन्हात आला,” नयना म्हणाली. “बघ की. अजून चालतेय ती.”

भगवंतराव वाकले. चिंचोका खरंच उन्हात होता. नयनाने दुसरा ठेवला, तोही थोड्या वेळाने उन्हात आला. तिसऱ्याला भगवंतराव धोतर सावरून खाली बसले. चौथा त्यांनी स्वतः ठेवला आणि तो जरा पुढे पडला म्हणून नयनाने त्यांच्या हातावर चापट मारली. पाणी पाणी म्हणणारी दोन मुलंही पुढे सरकून बसली होती.

सातव्या चिंचोक्याला जागा उरली नाही.

काठीच्या चारी बाजूंना ऊन होतं. पद्माकरने उठून एक उडी मारली, मग पाय फाकवून खाली पाहिलं. “माझी पायाखाली गेली!” सगळीच उड्या मारू लागली. अनुसूयाने घड्याळ पाहिलं. बारा अठरा.

एका मिनिटाचा फरक. तो घड्याळाचाही असू शकत होता.

भगवंतराव उठले. त्यांनी आधी आपल्या पायाशी पाहिलं, मग अनुसूयाच्या.

“आली,” नयना म्हणाली. ती काठीच्या पलीकडे जाऊन बसली होती. “आता इकडून आली.”

“तुझ्या आईला हे सांगितलं कुणी?” भगवंतरावांनी विचारलं.

“कुणीच नाही. वहीत आहे, तीन वर्षं दुपारची ती इथं उन्हात बसत होती.”

“आम्हाला वाटायचं, वाळवण राखते.”

अनुसूयाने मान हलवली. दर पत्रात ती आईला दुपारी पडत जा म्हणून लिहीत असे, आणि आई, पडते, म्हणून कळवत असे.