उजवा कौल

डावी पाकळी आधी पडली.

"नाय म्हनतोय देव," सहदेव गुरव म्हणाला आणि पाण्याचा गडू उचलून गाभाऱ्याबाहेर आला. जमलेल्या चार लोकांनी देवाकडे पाहून हात जोडले. गोदूबाई मात्र गुरवाच्या हाताकडे पाहत होती.

बहिरीदेवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओली पाकळी लावायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नकार. कशेळ्याजवळच्या त्या गावात लग्न असो, विहीर असो की लांबचा प्रवास असो, हा कौल घेतल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नसे. गोदूबाईला मुंबईला जायचं होतं. तिचा एकुलता एक मोरू तिथे गोदीत कामाला होता. मानमोडीच्या साथीत त्याचा बाप गेला आणि मागोमाग पोरगा मुंबईला गेला. सुरुवातीला शिमग्याला यायचा, मग नुसते निरोप यायला लागले आणि अलीकडे निरोपही बंद झाले होते. यंदा दिवाळीला आपणच जाऊन त्याला डोळे भरून पाहायचं, असं तिने ठरवलं होतं. ठेवणीतलं लुगडं धुवून झालं होतं, पोहे कांडून झाले होते. नेरळला गाडी कशी धरायची हे तिने गावात चार जणांना विचारलं होतं आणि चौघेही आपल्याला फसवताहेत असं तिचं मत झालं होतं. तयारी सगळी झाली होती, आणि देव दुसऱ्यांदा नाही म्हणत होता.

गोदूबाईचा स्वभावच तसा. दूध घेतलं तर आधी बोट बुडवून बघायची. कोणी गोड बोललं की हा काय मागायला आलाय, याचा विचार सुरू. गावाला त्याचं हसू यायचं, पण तिचंही चुकत नव्हतं. नवऱ्यामागे एकट्या बाईने भाताची शेती राखायची तर झोपतानाही एक डोळा उघडा ठेवावा लागतो.

देवळाच्या पायरीवर तिचा दीर नागू उभा होता. दोघांची शेतं एका बांधाला होती.

"वयनी, देव नगं म्हनतो तर ऱ्हावा की यंदा," नागू म्हणाला. "म्होरल्या साली बघू."

"तुमाला लई काळजी माजी!" गोदूबाई म्हणाली आणि तडक घरी निघाली.

वाटेत तिने सगळा हिशेब जुळवला. मोरू गावी परतला तर शेताला धनी मिळणार. नाही परतला, तर आज ना उद्या ते नागूच्या मुलांच्याच घशात जाणार. मग आईने जाऊन पोराला परत आणावं असं नागूला कशाला वाटेल? त्यातून नागूचा तांबडा कोंबडा गेल्या आठवड्यापासून आरवत नव्हता आणि तांबडी पिसं तिने देवळाच्या मागे पाहिली होती. राहता राहिला सहदेव. तो दरवर्षी पितृपक्षात पत्रावळी विकायला मुंबईला जाई. यंदा जाताना तिने त्याला मोरूची चौकशी करायला सांगितलं होतं. परत आल्यावर, "गोदीत लई मानसं, कुटं गावतोय!" एवढंच तो खाली मान घालून बोलला होता. तेव्हापासून तो तिला टाळत होता. कोंबडा खाऊन देवाला वाकवलं, यात गोदूबाईला तिळमात्र शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहदेव जेवायला घरी गेलेला पाहून ती देवळात शिरली. बाईने गाभाऱ्यात पाऊल ठेवायचं नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. उंबरठ्याशी ती थबकली. "माफ कर रं बाबा," असं म्हणून तिने डोळे मिटून घेतले आणि ती आत गेली. देवाच्या डाव्या खांद्यावरून तिने बोट फिरवलं. दगड गुळगुळीत होता. मग उजव्या खांद्यावरून फिरवलं, तर तिथे काहीतरी खरखरीत लागलं. तिने नखाने खरवडलं. पांढरी पापडी निघाली. रोज पेज रांधणाऱ्या बाईला ती काय आहे हे सांगावं लागत नाही.

"गोदू!" मागून सहदेवचा आवाज आला. "बाईमानसानं आत जायचं नाय, ठावं नाय तुला?"

"आन गुरवानं देवाला पेज चोपडायची आसती व्हय?" तिने नख त्याच्यापुढे धरलं. "उजव्याला पेज, डाव्याला नुसतं पानी. मग उजवी पडंल कशी? ग्वाड लागला का नागूचा कोंबडा?"

"कोंबडा मुंगसानं नेला गं. नागूला यातलं काय बी म्हाईत नाय."

"मग कुनासाठी केलंस?"

सहदेव उंबरठ्यावर बसला. गोदूबाईला वाटलं, आता नवीन थाप रचतोय.

"मोरू गावला मला मुंबैत," तो म्हणाला. "बरा हाय. एका वखारवाल्याच्या घरी ऱ्हातो. त्याची येकुलती येक लेक केलीय त्यानं."

"लगीन केलं?" गोदूबाईने विचारलं. "मला न सांगता?"

"त्यांना घरजावई पायजे व्हता. मागं कुनी नसलेला."

"कुनी नसलेला म्हंजी? मी हाय की."

"मी गेलो त्या दिशी त्यांच्याकडं पितरांचा म्हाळ व्हता," सहदेव जमिनीकडे पाहत म्हणाला. "पत्रावळी माज्याच घेतल्या त्यांनी. येक पान त्याच्या बापाचं वाढलं." मग हळूच म्हणाला, "दुसरं तुजं."

गोदूबाईला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. तिला रडू आलं नाही, लाज वाटली. पोराने तिला मेलेली सांगितलं होतं आणि चोरी तिची पकडली गेल्यासारखं तिला झालं होतं.

"त्यानं पाय धरलं माजं," सहदेव सांगत होता. "म्हनला, आय मानमोडीत बापाबरूबर गेली आसं बोलून बसलोय. ती दारात हुबी ऱ्हायली तर घरातनं काडतील मला. तिला येऊ द्यू नगा. आता तूच सांग, मी बोललो आस्तो तर तुजा इश्वास बसला आस्ता? म्हनून देवाच्या तोंडून वदवलं."

"देवाला खोटं पाडलंस."

"पाडलं. तुला खरं सांगायला जीभ रेटंना."

यावर गोदूबाईला राग यायला हवा होता. तो आला नाही, याचंच तिला नवल वाटलं. इतके दिवस जो आपल्याविरुद्ध उभा आहे असं ती धरून चालली होती, तो तिला राखत होता. आणि ज्याच्यासाठी पोहे कांडले, त्याने तिचं पान वाढलं होतं.

"सोमवारी समद्यांम्होरं पुन्ना कौल लाव," ती म्हणाली. "खांदा धुवून."

"कशाला गं? आन उजवा दिला तर?"

माणसांचं सगळं ऐकून झालं होतं. देवाचं खरं काय ते एकदा ऐकायचं राहिलं होतं.

सोमवारी देवळात बरीच माणसं जमली. गोदूबाई तिसऱ्यांदा कौल घेतेय, ही गावाला करमणूकच होती. सहदेवने सगळ्यांसमोर देवाला घागरभर पाणी घातलं, पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा बहिरीदेवा, ही तुजी लेक गोदू मुंबैला जाऊ म्हनती. तुज्या मनात आसंल तर तिला वाट दे..."

गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली.

"दिला! देवानं दिला!" लोक ओरडले. सर्वांत जास्त आनंद नागूला झाला. तो पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"जावा वयनी, आता मागं बघू नगा. गाडी मी जुपतो, नेरळपातुर सोडतो. तुमचं भात कापून, झोडून तुमच्याच कणगीत टाकतो. पोराला घिऊनच या!"

गोदूबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. शोधूनही त्यात तिला कपट दिसलं नाही. माणूस खरं बोलत होता. बहुधा इतकी वर्षं खरंच बोलत आला असावा.

आता सगळे तिच्याकडे पाहत होते. देवाने वाट दिली होती, दिराने गाडी दिली होती. जात नाही म्हटलं तर का, असं गाव विचारणार. एकदा विचारू लागलं की खणत जाणार, आणि मग मोरूने काय केलं ते चव्हाट्यावर यायला वेळ लागणार नव्हता. गावाला एका झटक्यात पटेल असं कारण तिच्यापाशी एकच होतं.

"म्या नाय जात," ती म्हणाली.

"आं? का?"

"भात कापून माज्या कणगीत टाकाल का तुमच्या, कुनी बघितलंय? मी पाठ फिरवली की बांध सरकंल."

नागूचा चेहरा उतरला.

"वयनी, देवाच्या दारात हाय आपुन."

"देवाच्या दारातच सांगते. माजा तुमच्यावर इश्वास नाय."

नागूने खांद्यावरचं मुंडासं झटकून डोक्याला गुंडाळलं आणि तो मागे न पाहता पायऱ्या उतरला. त्याच्यामागून एकेक करत सगळे निघाले. बांधापायी बाईने पोटच्या पोराला टाकलं, असं कोणी म्हणालं. "जित्याची खोड मेल्याबिगार जायची नाय," असं कोणी म्हणालं. ते गोदूबाईने ऐकलं आणि पदर सारखा केला.

देवळात दोघंच उरली. सहदेव पाकळ्या गोळा करत होता.

"नागू आता तुज्या दारात यायचा नाय, गोदू."

"ठावं हाय मला."

"भला मानूस तोडलास."

"तोडला," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "माज्या पानाला कावळा शिवला का रं?"

सहदेव वर पाहीना. "बापाच्या पानाला लगीच शिवला. तुज्या पानाला काय केल्या शिवंना. बायकू, सासरा समदी खोळंबली. मग मोरू म्होरं झाला, हात जोडलं आन कायतरी पुटपुटला. तवा शिवला."

"काय पुटपुटला?"

सहदेवने पाकळ्या ओंजळीत घेतल्या, खाली ठेवल्या, पुन्हा घेतल्या.

"म्हनला, आये, मी येईन."

खरं सांगतोस का, असं गोदूबाईने विचारलं नाही. तिने देवाला हात जोडले, पायरीवरचा आपला विळा उचलला आणि ती शेताच्या वाटेला लागली.