तीन आकड्यांचं कुलूप

तोलिब अकाच्या, म्हणजे तोलिबदादाच्या, दुकानात मी दोन कुलुपं हातात घेऊन उभी होते. एक किल्लीचं, जाडजूड, लोखंडी. दुसरं चिनी, तीन आकडे फिरवून उघडणारं, खेळण्यासारखं हलकं. माझ्या लग्नाच्या पेटीत पासपोर्ट होता आणि शनिवारच्या, रशियातल्या कझानला जाणाऱ्या बसचं तिकीट. नवरा, इल्होम, तिथे तीन वर्षं इमारती बांधतोय. त्यानेच बोलावलं होतं. सासूला सांगितलं नव्हतं; तिला मी ओयी, म्हणजे आई, म्हणते. तिचे तिन्ही मुलगे परदेशी, दोघी सुनाही गेलेल्या. उरले होते मी.

"लोखंडीच ने, पोरी," अका म्हणाला. "हे चिनी म्हणजे नुसती शोभा."

पण किल्ली लपवू कुठे? माझी वेणी सासू घालते, गाद्या सासू झाडते, पिठाच्या डब्यातही हात तिचाच. आकडे डोक्यात राहतील म्हणून मी चिनी घेतलं. मोठी शहाणी ना मी!

सुनेची पेटी सासूने फोडली तर मोहल्ल्यात तोंड दाखवायची सोय राहत नाही. त्या भरवशावर मी निर्धास्त होते. सोमवारी पाणी भरून आले, तर ००० वर सोडलेलं कुलूप १६० वर होतं. मंगळवारी ३४०. बुधवारी मी पाण्याला जायचं ढोंग केलं आणि दाराआड थांबले. आतून टिक आवाज आला, मग कुलूप ओढून पाहिल्याचा. पुन्हा टिक. फटीतून पाहिलं, तर ती ओळीने एकेक आकडा लावून बघत होती. रेशमाचा गुंता सोडवायला बसते तशीच बसली होती, मांडी घालून, कसलीही घाई नाही. माझा आकडा होता ७३१.

ती शेजारी गेल्यावर मी कुलूप उघडून आकडा बदलला. तिचा आधीच लावून झालेला ०५२ ठेवला आणि चाकं तिने सोडली होती तिथे, ५१० वर, परत नेली. गुरुवारी वेणी घालताना तिने विचारलं, चेहरा का उतरलाय. तिची बोटं माझ्या मानेवर होती. मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्या दिवशी कुलूप ७६० वर होतं.

शुक्रवारी ९९९. दुपारी सुतार आला आणि बराच वेळ फाटकाशी खटपट करत होता. कडी सैल झालीय, ती म्हणाली. जेवताना पुलावातला मांसाचा चांगला तुकडा तिने माझ्या पुढ्यात सरकवला. मी तो ताटाच्या कडेला ठेवला.

शनिवारी ऊन अंगणात आलं तेव्हा मी पासपोर्ट आणि तिकीट काढलं, बोचकं उचललं. फाटक हलेना. कडी काढलेली होती. तिच्या जागी लाकडाच्या पोटात नवं कुलूप बसवलेलं, बाहेर दिसत होतं ते फक्त किल्लीचं बारीक भोक. मागे सासू बाजेवर चहा पीत बसली होती.

"ओयी, किल्ली?" मी विचारलं.

"चहा घे आधी," ती म्हणाली. तिने दुसरा पेला भरून माझ्याकडे सरकवला. "पेटीतलं सगळं तुझं, सूनबाई. ते मी कधी मागणार नाही. घरातलं माझं."

पासपोर्ट माझ्या हातात होता, आणि मी घरात.