डावखुरं स्वयंपाकघर

आई गेली त्याच हिवाळ्याच्या शेवटी आम्हाला नव्या घराची किल्ली मिळाली. घर चौथ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि स्वयंपाकघर म्हणजे चार कोऱ्या भिंती, एक ओटा नि एक नळ. जागा ठरवताना आई एकदाच येऊन गेली होती. तेव्हा इमारतीला रंगसुद्धा लागला नव्हता. ओटा जिथे होणार होता तिथे सिमेंटच्या पोत्यांमध्ये उभी राहून ती म्हणाली होती, "एवढं माझ्यावर सोडा. मी आठवडाभर राहायला येते, स्वयंपाकघर लावून देते. मग बाकीच्या घरात तुम्हाला काय गोंधळ घालायचा तो घाला."

माझे वडील सुतार. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची स्वयंपाकघरं केली. आई गेल्यावर मात्र हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली ती तशीच होती. त्यामुळे एक दिवस त्यांचा फोन आला आणि "कपाटं मी करतोय, तुम्ही बाहेर कुणाला विचारू नका" एवढं बोलून त्यांनी तो ठेवलाही, तेव्हा मी बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत राहिले. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "बाबा कामाला लागले."

कपाटांचे सांगाडे त्यांनी घरी तयार केले आणि मामाच्या ट्रकमधून आणले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जन्मभर ट्रक चालवल्यामुळे तो जिन्यातही, मागून कुणी हॉर्न देतंय अशा थाटात बोलतो. छोटी कपाटं मुकाट्याने चढली. सगळ्यात मोठं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. खालून मामा आणि बाबा, वरून माझा नवरा, मध्ये कपाट.

"जावईबापू, तुमची बाजू उचला."

"उचललीय, मामा."

"मग ही खाली बसलेली कुणाची बाजू आहे?"

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन खालून आल्या आणि कपाटापाशी थांबल्या. "मी घरी कधी जायचं?" त्यांनी विचारलं.

"बसा, बाई," मामा म्हणाला. "कपाट सुटलं की पहिला नंबर तुमचा."

बाई खरंच पायरीवर बसल्या, आणि बसल्या बसल्या सल्लेही द्यायला लागल्या. उभं करा, आडवं करा, तिरकं घ्या. शेवटी बाबांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून जिन्याचा कठडाच सोडवला. ओटा त्यांनी सुतापर्यंत मोजला होता, जिना मोजायचा राहून गेला होता.

"वा, भाऊजी," मामा म्हणाला, "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते ऐकलं होतं. तुमचा हत्तीच दारात राहिला."

बाबा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी वरच्या मजल्यावर दार धरून उभी होते. हसणं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं.

पुढचा आठवडा ते रोज एकटेच येऊन काम करत. आम्ही दोघं कामावर असायचो, मी वाचनालयात आणि नवरा चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत भिंगं घासायला. संध्याकाळी आलो की भुशाचा वास असायचा आणि बाबा निघून गेलेले असायचे. कपाटांना दारं बसली त्या संध्याकाळी मी पेला काढायला वरच्या कपाटाकडे हात नेला. माझा उजवा हात कोऱ्या लाकडावर टेकला. तिथे मूठ नव्हती. मूठ डावीकडे होती.

मी दुसरं दार पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळ्यांच्या बिजागऱ्या उजवीकडे, मुठी डावीकडे. चमच्यांचा खण शेगडीच्या डाव्या अंगाला. झाऱ्या-कालथ्यांच्या कड्या डाव्या भिंतीवर.

आई डावखुरी होती. लग्नानंतर बाबांनी तिला घरचं स्वयंपाकघर तिच्या हाताप्रमाणे करून दिलं होतं, आणि आलागेला प्रत्येक नातेवाईक तिथे एकदा तरी कपाळ आपटून गेला होता. आईला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "आमच्याकडे डावं-उजवं करत नाहीत," ती म्हणायची, "सगळं डावंच." त्या घराबाहेर मात्र बाबांनी शेकडो स्वयंपाकघरं केली आणि एकदाही चुकले नाहीत. चुकले ते माझ्या घरी.

नवऱ्याला कळायला वेळ लागला नाही. त्याने चहासाठी कपाट उघडलं, आडवा हात घालून मूठ ओढली आणि दाराची कड सरळ भुवईवर घेतली. भुवई चोळत तो दारांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"हे तुझ्या आईचं..."

"हो."

"बाबांना सांगायचं?"

"नको," मी म्हटलं. "मला हे असंच हवंय."

"नवा नंबर डोळ्यांना बसायला आठवडा लागतो," तो म्हणाला. "कपाळाला महिना धरू."

बाकीच्या खोल्या चांगल्या होत्या. बैठकीच्या खोलीत ऊन येत होतं, पुस्तकं भिंतीशी लागली होती. पण त्या खोल्यांमध्ये आई कधी नव्हती आणि कधी असणारही नव्हती. तिची वाट बघत असल्यासारखी हीच एक जागा होती. डाव्या हाताने मूठ ओढली की माझं कोपर तिच्या कोपरासारखं वळायचं, मान थोडी उजवीकडे झुकायची. ही ती नव्हे, हे मला कळत होतं. तरी मी कारण नसताना स्वयंपाकघरात जायचे, एखादं कपाट उघडायचे, मिटायचे. रोज सराव करायचे. काही आठवड्यांनी हात वळला असं मला वाटायला लागलं.

एका रविवारी बाबा आणि मामा ओट्याखालची पट्टी बसवायला आले. बाबा गुडघ्यांवर बसून पट्टी लावत होते, मामा खिडकीत बसून आमच्या गल्लीत ट्रक का वळत नाही ते समजावत होता. नवरा दुसऱ्यांदा चहा करत होता. मामाला उत्तर देण्याच्या नादात तो सगळी खबरदारी विसरला, उजव्या हाताने दार ओढलं आणि ते खाडकन कपाळावर आलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," मामा म्हणाला. "कपाट उघडायलाही शिकवणी लावायची का, जावईबापू?"

"हो ना, मामा. मीच मध्ये आलो," नवरा म्हणाला.

बाबांनी खालून वर पाहिलं. आधी त्याच्या हाताकडे, मग भुवईकडे. तिथे आजचा लाल डाग होता आणि शेजारी एक जुना, पिवळा पडलेला. ते ओट्याला धरून उठले. एकेका दारापाशी गेले, उघडलं, मिटलं. शेवटच्या दारावर त्यांचा हात तसाच राहिला.

"अरे, हे तर ताईचं..." मामा म्हणाला आणि थांबला. त्याने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

"मला कुणी बोललं नाही," बाबा म्हणाले.

"मीच नको म्हटलं," मी म्हणाले. "बाबा, मला असंच हवंय. मला सवय झालीय आता."

"झाली?"

"हो."

"बरं. मग ये इकडे. डोळे मिट."

मला ती पद्धत ठाऊक होती. नवं गिऱ्हाईक आलं की बाबा त्याला रिकाम्या स्वयंपाकघरात उभं करायचे, डोळे मिटायला सांगायचे आणि हवेतल्या हवेत चहा करायला लावायचे. हात जाईल तिथे पेन्सिलीची खूण. माणूस तोंडाने काहीही सांगतो, हात खरं सांगतो, असं ते म्हणायचे. माझ्या घराच्या वेळी त्यांनी मला उभं केलं नव्हतं. बहुधा त्यांना गरज वाटली नव्हती. कुणाचा हात कुठे जातो ते त्यांच्या डोळ्यांसमोरच असणार.

मी डोळे मिटले.

"पेला घे."

मी डावा हात वर नेला. मूठ नेमकी सापडली.

"चमचा."

डावा हात खाली, खणापाशी. चांगलं जमत होतं. सरावाचं चीज झालं असं वाटलं.

"आज वाचनालय बंद?" बाबांनी त्याच सुरात विचारलं.

"रविवार आहे ना."

"नवी पुस्तकं आली का मागवलेली?"

"आली, पण भिजलेली. खोक्यांवर कुठेतरी पाणी सांडलंय. आता एकेक पान सुटं करून वाळवायला..."

"दूध उतू चाललंय."

मी शेगडीचं बटण धरलं.

"फडकं?"

मी फडकं घेतलं.

"साखरेचा डबा कुठे हवा?"

मी हात वर केला, आणि मग डोळे उघडले. समोर माझा उजवा हात होता. उजव्या कडेच्या कोऱ्या लाकडावर, बोटांच्या शेजारी, बाबांनी नुकतीच पेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती.

"पहिल्या दोन खुणा मी धरल्या नाहीत," ते म्हणाले. "ते तू मला दाखवत होतीस."

नवऱ्याने शेगडीवरचं खरं दूध बंद केलं.

"बाबा, राहू द्या ना," मी म्हटलं. "मी रोज हात वळवीन. मला त्रास नाही त्याचा."

बाबांनी पेन्सिल कानावर ठेवली. "तिला मी कधी हात वळवायला लावला नाही," ते म्हणाले. "तुला कसा लावू?"

मग त्यांनी दारं काढायला सुरुवात केली. जुनी भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवायची, बिजागऱ्या पलीकडे न्यायच्या, मुठी फिरवायच्या. मामा खुंट्या तासायला बसला. "ताईनं हे पाहिलं असतं तर म्हणाली असती, सुताराला म्हातारचळ लागला," तो म्हणाला, आणि नाक पुसायला खिडकीकडे वळला. नवरा भोकं पाडत होता. दार धरण्याचं काम माझं. मी दार जाग्यावर धरायचं आणि बाबांनी स्क्रू पिळायचे. असं जवळ उभं राहिल्यावर त्यांचा श्वास ऐकू यायचा. ते पूर्वीसारखे पटापट स्क्रू पिळत नव्हते, मध्ये थांबत होते.

"तुमच्या घरचीही फिरवायची का?" मी हळूच विचारलं. "तुमचाही उजवाच हात आहे."

"तिथली राहू देत."

"आपटत नाही?"

"आपटतं कधी कधी," बाबा म्हणाले. "सरळ धर."

शेवटचं दार राहिलं ते पेल्यांच्या कपाटाचं. मी ते दोन्ही हातांनी उराशी धरून उभी राहिले. बाबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन थांबले. मामाने तासणं थांबवलं.

"जड आहे का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग दे."

मी आणखी थोडा वेळ धरून ठेवलं. त्यांनी घाई केली नाही. मग मी ते पुढे केलं, त्यांनी खालची कड हाताने सावरली आणि दार जाग्यावर गेलं. चारही स्क्रू त्यांनी सावकाश पिळले, पदराने पुसावं तशी तळहाताने दारावरची भुकटी पुसली आणि बाजूला झाले.

"उघडून बघ."

मी हात वर नेला. मूठ हाताशीच होती. दार आवाज न करता उघडलं, कुठेही आडवं आलं नाही.

"बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं. ते बघत होते म्हणून मी दार मिटून पुन्हा एकदा उघडलं.