कानटोपीखाली

मी आता जुना झालेला एक हेडफोन आहे. कानाच्या आत शिरणारा नव्हे, तर कानावर आकडा अडकवून बाहेरच राहणारा. मित्रांनो, माझ्याजवळ सांगण्यासारखे काही आहे की नाही, याची मला खात्री नाही. माझ्यातून ढोलकी बारीक वाजते. एसटीत मला लावले, तर गाण्याच्या आधी कंडक्टर ऐकू येतो. तरीही एका मुलीने मला निवडले. ते का, एवढेच सांगतो.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. आठवते ते गोंदियाच्या बाजारातले नंदलाल सेठचे दुकान. तिथे मी खालच्या कप्प्यात बरेच दिवस पडून होतो. एके दिवशी अर्जुनी मोरगावकडची दामिनी आपले आजोबा उमराव यांच्यासोबत तिथे आली.

दामिनी पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे ती इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, धावायची. गाण्याच्या ठेक्यावर तिचे पाय लयीत पडत. पण तिचे जुने इयरफोन कानात बुचासारखे बसत. एकदा मागून धानाने भरलेला ट्रॅक्टर आला. हॉर्न तिला ऐकूच आला नाही, आणि तिला वाचवताना ट्रॅक्टर शेतात उतरला. तेव्हापासून आजोबांनी तिचे धावणे बंद केले होते. ती दोन दिवस जेवली नाही, तेव्हा त्यांनी एक अट घातली. ते सायकलने मागे येणार, आणि त्यांची हाक तिला ऐकू आली पाहिजे. नाही आली, तर भरती विसरायची.

"ये लो बेटी, कान में डालो, दुनिया बंद!" सेठ कानात बसणारे इयरफोन पुढे करत म्हणाले.

"दुनिया बंद नाई पायजे सेठ," आजोबा म्हणाले. "मी मांगून हाक देईन, थे आयकू आली पायजे."

सेठने धूळ झटकून मला काढले. दामिनीने मला लावले, गाणे सुरू केले आणि दुकानातच उड्या मारल्या, मान झटकली. मी पडलो नाही. आजोबा बाहेर पायरीवर जाऊन ऑटोंच्या गोंगाटात ओरडले, "दामे!"

"ओ आजा! आला आयकू!"

"गाना चालू हाये ना, का मले फसवून राहिली?"

त्यांनी आपला कान तिच्या कानाजवळ नेला. "अवं, हे त मलेही आयकू येऊन राहिला!"

"वो तो होगा दादाजी," सेठ प्रामाणिकपणे म्हणाले. "आवाज़ थोड़ा बाहर जाता है. और धमाका भी कम है."

"जाऊ द्या ना," दामिनी म्हणाली. "पाळीवर कोन आयकते? बगळे?"

असा मी त्यांच्या घरी आलो. रोज पहाटे ती धावे आणि मागे सायकल कुरकुरे. मधूनमधून आजोबा हाक देत आणि ती हात वर करी. घरी आल्यावर ती ओढणीने माझा घाम पुसे. माझी कोणी स्तुती केली नाही, पण तक्रारही केली नाही.

मग पौषाची थंडी आली. आमच्या भागात थंडी कानातून शिरते असे म्हणतात. आजी जमुनाबाईंनी जाड लोकरीची कानटोपी विणली आणि माझ्यासकट दामिनीचे कान झाकून हनुवटीखाली गाठ मारली.

"कान दुखला त कोन घेईन तुले भरतीत?" त्या म्हणाल्या.

"चांगली कसून बांध," आजोबाही म्हणाले. ते स्वतः मफलर गुंडाळून उभे होते. एवढ्या परीक्षा घेऊन मला आणले होते, पण टोपीने हाक अडेल, हे त्या पहाटे कुणाच्याच लक्षात आले नाही. टोपीने मी कानावर दाबला गेलो आणि माझ्यातून ढोलकी चक्क घुमली.

"आज कसा मस्त वाजते!" दामिनी खूश झाली.

पाळ दवाने ओली होती. सायकलचे चाक घसरले आणि आजोबा कालव्यात गेले. त्यांनी हाका मारल्या. पण त्या लोकरीतच राहिल्या. दामिनी पुलापर्यंत धावली, वळली, तर मागे सायकल नाही. परत येताना ती जशी धावली, तशी मी तिला कधी धावताना पाहिले नव्हते.

आजोबा गुडघाभर पाण्यात बसले होते. पाय मुरगळला होता आणि ओठ निळे पडले होते.

"आयकू नाई आला का वो?"

"नाई गा आजा."

"मंग झाला तुहा धावना," ते शांतपणे म्हणाले.

तिने त्यांना सायकलवर बसवून ढकलत घरी आणले. जमुनाबाई पायाला गरम तेल लावत होत्या. भरतीची मैदानी चाचणी जवळ आली होती. दामिनी कोपऱ्यात रडत होती.

"त्या मशिनीनंच घात केला," जमुनाबाई म्हणाल्या.

"मशिनीचा काय दोष? तू घालून पाह," आजोबा म्हणाले.

जमुनाबाईंनी मला लावले आणि वरून कानटोपी ओढली. आजोबांनी खाटेवरून हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. मग म्हणाले, "म्हातारे, तुही चाय उतू जाऊन राहिली!" चहा खरोखरच उतू जात होता. जमुनाबाई गाणे ऐकत मान डोलवत होत्या. रडता रडता दामिनी हसली.

टोपी काढल्यावर त्यांनी चूल पाहिली, नातीकडे पाहिले, आणि कैची मागितली. आठवडाभर खपून विणलेल्या टोपीला त्यांनी कानाजवळ दोन्हीकडे भोके पाडली आणि कडा शिवून टाकल्या.

"आता धावना बंद करा म्हनाल त पाहाच," त्या नवऱ्याला म्हणाल्या. आजोबांनी आपला मफलर कानांवरून खाली सारला.

दुसऱ्या दिवशी आजोबांना चालता येत नव्हते. म्हणून जमुनाबाई पुलावर शेकोटी करून बसल्या आणि तिथून नातीला हाका मारत राहिल्या. शेजारच्या शेतातली माणसे वैतागली, इतक्या.

दामिनी आता पोलिसात आहे. माझी बॅटरी लवकर उतरते आणि आकड्याचे रबर सोलले आहे. मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्याकडे असेल, तर धावून आल्यावर त्याचा घाम पुसून ठेवा. आणि बाहेर पडण्याआधी घरातल्या कुणाला तरी मागून एक हाक द्यायला सांगा. नाही ऐकू आली, तर गाण्याचा आवाज कमी करा, टोपी वर सारा. पण तसेच निघू नका.