रात्रीची मुलाखत, सकाळी अकरा वाजता

शिवा गावड्याला रात्री झोप येत नसे, आणि याबद्दल त्याची स्वतःची काही तक्रार नव्हती. तक्रार मथुराची होती.

एसटीत असताना शिवाने जवळजवळ सगळी नोकरी वस्तीच्या गाडीवर काढली. म्हणजे संध्याकाळची शेवटची गाडी घेऊन लांबच्या गावात जायचं, रात्र तिथेच काढायची आणि पहाटे तीच गाडी परत आणायची. गाडीत डास, बाहेर कुत्रे. नोकरीत माणसाला काही ना काही सवय लागतेच, याला न झोपायची लागली. निवृत्तीच्या दिवशी त्याला शाल दिली, नारळ दिला आणि गाडी काढून घेतली. रात्र तेवढी त्याच्याकडेच राहिली.

आता कट्टा गावातल्या घरात तो मध्यरात्री उठे, पडवीतून खळ्यात जाई, खळ्यातून गोठ्याकडे, आणि कडी लागलेली आहे ना हे पुन्हा पुन्हा बघे.

"भुतासारखो फिरतंस," मथुरा, त्याची बायको, म्हणे. "म्हस दूध आखडता. तिका वाटता, चोर इलो."

टीव्ही लावून बसावं तर तिथे चौकटी-चौकटीत आठ माणसं एकदम ओरडत असायची. मुलाखत घेणारा प्रश्न विचारायचा, उत्तरही तोच द्यायचा आणि वर पाहुण्याला विचारायचा, "बोला, गप्प का?" शिवाने एकदा आवाज बंद करून पाहिलं. दाताच्या डॉक्टरकडे गर्दी झाल्यासारखी दिसली.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मालवणच्या केबलवर रात्री उशिरा 'रातची गजाल' लागायची. गजाल म्हणजे गप्पाच, पण गप्पांना शेवट असतो. दाजी आजगावकर नावाचे गृहस्थ वेताच्या खुर्चीत बसत, समोर कोणीतरी पाहुणा, मध्ये चहा. दाजी विचारत एकच प्रश्न, "मगे?" म्हणजे 'मग?' तेवढ्यावर पाहुणा तासभर चाले. मग केबलवाल्याने डिश आणली, दाजींचा कार्यक्रम बंद झाला, आणि लोक लवकर झोपायला लागले. शिवा सोडून.

तेव्हा मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टला रात्रपाळीचा वॉचमन हवाय असं कळल्यावर शिवाने लगेच नाव दिलं. नोकरी म्हणून नव्हे. जागायला एक अधिकृत जागा हवी होती. घरात जागलं तर रोग, गेटवर जागलं तर ड्युटी.

रिसॉर्टमधून नम्रता नावाच्या मुलीचा फोन आला. "रात्रीच्या मुलाखतीसाठी बोलावलंय. उद्या सकाळी अकरा वाजता या."

शिवाने ओरोसच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मुलीला, अपेक्षाला, फोन लावला. ती सरकारी कचेरीत असल्यामुळे मुलाखतींची जाणकार.

"बाबा, थोडक्यात बोलायचं. शुद्ध बोलायचं. विचारतील तेवढंच. आणि गजाली अजिबात मारायच्या नाहीत."

"नाय मारणय."

"हे बघा, सुरू झालात."

"मारणार नाही," शिवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तो पोचला. काउंटरवर नम्रता होती. तिने विचारलं, "रात्रीची मुलाखत ना?" शिवा म्हणाला, "होय." त्याच्या आधी बाकावर तातू राऊळ बसलेला होता. तातू म्हणजे दशावतारातला म्हातारा नट, रात्र-रात्र उभा राहून राजाची आणि राक्षसाची कामं करणारा. जागण्याच्या बाबतीत या पंचक्रोशीत शिवाला टक्कर देईल असा हाच एक माणूस होता.

"तुका पण रातीचीच?" शिवाने विचारलं.

"रातीचीच. चल, बघूया," तातू म्हणाला, आणि नम्रताने त्याला डावीकडच्या खोलीत पाठवलं. शिवाला उजवीकडच्या.

उजवीकडच्या खोलीत रात्र होती. खिडक्यांना काळे पडदे, कोपऱ्यात पिवळा दिवा, दोन वेताच्या खुर्च्या. शिवाला पद्धत पटली. माणूस रात्री कसा दिसतो ते रात्रीच बघायला हवं. समोर तीन पायांच्या स्टँडांवर दोन मोबाइल लावले होते, तेही ठीक, हल्ली सगळ्याला पुरावा लागतो. त्याला कळेना ते एकच. समोरच्या खुर्चीत दाजी आजगावकर बसले होते. केस पांढरे, बाकी तेच.

म्हणजे दाजी केबलमधून निघाल्यावर माणसं भरती करायच्या खात्यात गेले. हुशार माणूस, कुठेही चालतो.

"नमस्कार, साहेब."

"कसलो साहेब? दाजी म्हणा. बसा, चाय घेवा."

शिवा खुर्चीच्या कडेला टेकला. "मी चहा घेत नाही. मला कोणतंही व्यसन नाही."

दाजींनी त्याच्याकडे बघितलं. "बरा. मगे?"

'मगे' कानावर पडलं आणि शिवाच्या जिभेवर काहीतरी सळसळलं. त्याने ते गिळलं. "शिक्षण नववी. एसटीत चालक. अपघात निरंक."

"आणि झोप?"

"निरंक."

दाजी हसले. हे हसू शिवाच्या ओळखीचं होतं, 'रातची गजाल'मधलं. पण ते मुलाखतीत चांगलं की वाईट, हे अपेक्षाने सांगितलं नव्हतं.

"मी तुमची काय एक चौकशी करूक नाय हां," दाजी म्हणाले. "आमचो पुतण्यो सुशांत सांगी होतो, पाहुण्याची माहिती वाचून ठेवा. म्हटलं, आधीच कळला तर मगे विचारतलंय काय?"

चौकशी न करता वॉचमन ठेवणारं रिसॉर्ट शिवाने ऐकलं नव्हतं. तो विचार करत होता तेवढ्यात शेजारच्या खोलीतून भिंत हलेल अशी गर्जना झाली. पाठोपाठ टाळ्या.

शिवाच्या लक्षात आलं. तिकडे तातूची आवाजाची परीक्षा चालली होती. राक्षसाला त्यात पैकीच्या पैकी पडणार. आता मागे राहून चालणार नव्हतं. तो ताडकन उठला आणि पडद्याकडे बोट दाखवून ओरडला, "कोण आसा रे थंय? भायर ये! भायर ये सांगतंय!"

दाजींच्या हातातला चहा मांडीवर सांडला. मांडी झटकत ते पडद्याकडे बघत राहिले, मग शिवाकडे. "कोण होतो?"

"कोणी नाही. आला असता तर."

"अरे वा," दाजी म्हणाले, आणि सावरून बसले, जसे ते पूर्वी पाहुणा खरा बोलायला लागला की बसायचे. "वस्तीची गाडी खंयची तुमची?"

"जामसंड्याच्या अलीकडची, साहेब."

"थंय आमचो कार्यक्रम दिसा?"

इथे शिवाने अपेक्षाला मनातल्या मनात हात जोडले. "दिसा म्हणजे? थंय केबल खंय? तुमची कॅसेट माझ्याच गाडयेत येय! मालवणात माझ्या ताब्यात देयत, मी केबिनीत सदऱ्यात गुंडाळून ठेवी. एकदा पावसात वाटेर झाड पडला. गाडी रवली. कंडक्टराक म्हटलं, तू पॅसेंजर बघ, मी कॅसेट घेवन चलत जातंय. गेलंय. दुकानाच्या वसरीर सगळो गाव बसलेलो. 'कॅसेट इली?' म्हणान विचारल्यानी. गाडयेत तेंचीच माणसा होती, पण एकान विचारूक नाय, आमची माणसा खंय!"

"मगे?"

"मगे काय, बघली. तुमी त्या दिवशी एका खलाशाक बसवलेलात. तो गप्प. तुमीय गप्प. दोघय चाय पितात. आमी सगळी गप्प, आता काय बोलतलो म्हणान. कितीतरी वेळान तो म्हणालो, 'बोट बुडाक लागली तेवा माका देव आठवूक नाय. घराक कुलूप लावलंय काय नाय, ता आठवला.' दाजी, त्या रातीक मी गाडयेची सगळी दारा परत-परत बघलंय. आता टीव्हीर असा कोण गप्प बसता?"

दाजींनी रिकामा कप खाली ठेवला.

"खरा सांगू?" ते म्हणाले. "त्या दिवशी माका काय विचारूचा ताच सुचूक नव्हता."

आता शिवा गोंधळला. ज्या गप्प बसण्यावर त्याने इतक्या रात्री काढल्या, ते गप्प बसणं म्हणजे नुसती अडचण होती? आणि मग त्याच्या ध्यानात दुसरंच आलं. भर मुलाखतीत आपण कबूल केलं, की ड्युटीवर असताना गाडी सोडून गेलो.

"म्हणजे, साहेब, गाडी सोडलेली नाही," तो घाईघाईने म्हणाला. "कंडक्टर हजर होता."

"ता जाव दे रे. झकास झाला," दाजी म्हणाले आणि उठून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "फुडल्या शुक्रवारी या. उरलेला सांगा."

"म्हणजे नोकरी...? आठवड्यातून एकच रात्र?"

"रात खंयची? सकाळी अकराक."

शिवाने हिशेब लावून पाहिला. रात्रपाळी, आठवड्यातून एकदा, सकाळी अकरा वाजता. मोठी रिसॉर्टं कशी चालतात हे आपल्याला कधी कळणार नाही, असं त्याने ठरवत आणलं तेवढ्यात दार उघडून दाजींचा पुतण्या, रिसॉर्टचा मालक सुशांत आत आला. त्याच्यामागे तातू. अंगात वॉचमनचे खाकी कपडे.

"काका, वॉचमन मिळाला," सुशांत खुशीत म्हणाला. "विचारलं, रात्रभर जागाल का? म्हणाले, उभा जन्म जागलोय. विचारलं, चोर आला तर? आणि त्यांनी असा आवाज काढला, की नम्रता टेबलाखाली गेली! तुमची मोबाइलवरची नवी 'रातची गजाल' कशी झाली? दशावताराचं सगळं सांगितलं ना यांनी?"

दाजींनी शिवाकडे बघितलं, शिवाने तातूकडे, आणि तातूने आपल्या खाकी बाह्यांकडे. नम्रता दारात उभी राहून म्हणाली, की दोघांनाही तिने नीट विचारलं होतं, आणि दोघंही 'होय' म्हणाले. शेवटी दाजीच म्हणाले, की पाहुणा त्यांना पसंत आहे आणि ते बदलणार नाहीत. सुशांत म्हणाला, वॉचमनही पसंत आहे. उजेड येऊ द्यावा म्हणून नम्रताने पडदे सरकवले, आणि रात्र संपली.

गेटवर शिवाने तातूला गाठलं. "तुका नोकरी होयी होती?"

"नाय रे. तेंणी विचारल्यानी, मी सांगत गेलंय."

"मगे सोड. माका दी."

"खाकी अंगावर चढवलंय," तातू म्हणाला. "आता खेळ संपल्याशिवाय उतरवचे कसे?"

शिवा चालू लागला तसा तातूने मागून हाक मारली. "शिवा, पण एक अडचण आसा. जागाक माका समोर माणूस लागता. नाटकाक समोर माणसा बसतत. हयसर समोर दर्या. दर्या काय 'मगे' म्हणणा नाय. तू आज रातीक ये. दुसरी खुर्ची मागून घेतंय."

कट्ट्याच्या बसमध्ये शिवा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला आणि आपल्याला नक्की काय मिळालं याचा विचार करत राहिला. नोकरी नव्हती, पण रात्र मिळाली होती. शिवाय एक सकाळ. आता मथुराने सोडायला हवं.

मथुरा मागील दारी रोवळीत तांदूळ धुवत होती. "गावली?"

"गावली. म्हणजे तातूक गावली. पण रातीक माका जावचा आसा."

"थंय काम काय?"

"तो बोलतलो. मी 'मगे' म्हणायचा."

"आणि?"

"शुक्रवारी मी बोलतलंय. दाजी 'मगे' म्हणतले."

मथुराने रोवळी खाली ठेवली. पाणी निथळून पायरीवरून अंगणात गेलं. मग म्हणाली, "माका बघूक तू पयल्यांदा इलंस, तेच्या आधी एक जागा येवन मोडलेली. ती कित्याक मोडली, तुका म्हायत आसा?"

"नाय."

"कधी विचारलंस?"

बाहेर ऊन कललं होतं. मालवणची शेवटची गाडी धरायची तर आत्ताच निघायला हवं, आणि जाऊ की नको हे तिला सरळ विचारावं, म्हणून त्याने तोंड उघडलं. नेमका तिथे एकच शब्द आला.

"मगे?"

मथुरा पायरीवर बसली. पदराने हात पुसले, आणि सांगायला लागली. आधी त्या मोडलेल्या स्थळाच्या घरचं. मग त्यांच्या आंब्याचं. मग तिच्या मोठ्या काकाचं, ज्याचा या सगळ्याशी काय संबंध हे शिवाला कळत नव्हतं, पण तो मध्ये बोलला नाही. कट्ट्यावरून शेवटची गाडी हॉर्न देत गेली, तेव्हा मथुराची गोष्ट अजून लग्नाच्या बरीच अलीकडे होती.